नेरच्या उन्हाळ्यात कूलर

एप्रिल-मे महिन्यांत नेर, दारव्हा, यवतमाळकडची हवा कोरडी असते. अशा हवेत पाणी झपाट्याने उडते, म्हणून इथे कूलर चांगला उपयोगी पडतो. वीज मात्र साधारण २०० वॅट. दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास जातो.

खोलीचे घनफूट काढा, निम्मे करा: मिनिटाला तेवढे घनफूट हवा देणारा कूलर घ्या. १०×१२ची, दहा फूट उंचीची खोली असेल तर ६००. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला लावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत नुसता दमटपणा साचतो. मृगाच्या पावसानंतर पंप बंद करून फक्त पंखा चालवा.

बोअरच्या जड पाण्याने ताट्यांवर क्षार बसतात, म्हणून गवत दर उन्हाळ्यात नवे भरा. टाकी आठवड्याला रिकामी करून घासून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

सगळ्यात महत्त्वाचे अर्थिंग. लोखंडी कूलरचा शॉक जीव घेतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवाच, आणि पाणी भरण्याआधी, अगदी दरवेळी, प्लग काढा. मुलांना हे काम सांगू नका.