गुलाब तहानेने नव्हे, पाण्याने मरतो

दसरा झाला की कल्याण स्टेशनाबाहेर, डोंबिवलीच्या रस्त्यांवर, मुरबाड-शहापूरच्या बाजारात गुलाबाची कलमे विकायला येतात. काळी पिशवी, हातभर काडी आणि शेंड्याला एक टपोरे फूल. त्या फुलाकडे बघून आपण रोप घेतो. थंडीत आणखी चार फुले येतात, घरातली मंडळी खूश होतात. मग जूनमध्ये पाऊस लागतो आणि गणपती येईपर्यंत कुंडीत वाळकी काडी तेवढी उरते. "आपल्या मातीत गुलाब होत नाही," असे म्हणून आपण मोकळे होतो. पुढल्या दसऱ्याला पुन्हा नवे रोप, पुन्हा नवे पैसे!

शेतकरी बंधू-भगिनींनो, दोष मातीचा नाही. घाटावर गुलाब मरतो तो बहुधा उन्हाने आणि तहानेने. आपल्याकडे तो मरतो पाण्याने. भाताला जो चिखल मानवतो तोच गुलाबाची मुळे कुजवतो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तर ठाणे जिल्ह्याच्या पावसातही ठेंगणा, झुपकेदार, भरगच्च फुलांचा गुलाब वर्षानुवर्षे टिकतो.

हा विषय आजच का काढला? कल्याण-डोंबिवलीच्या कडेची २७ गावे पाहा. १९८३ साली महापालिका झाली तेव्हा ती आत गेली, २००२ साली बाहेर आली, २०१५ साली पुन्हा आत घेतली गेली. या आत-बाहेरच्या फेऱ्यांत निळजे, काटई, भोपर, पिसवली या गावांत जमिनीचे गुंठे झाले आणि गुंठ्यांवर इमारती उभ्या राहिल्या. पुष्कळ घरांकडे आता शेत नाही, घरामागचा दहा-पंधरा हातांचा परस आहे. मातीत वाढलेल्या माणसाचा हात मातीवाचून राहत नाही. अशा हातांना परसातला गुलाब हे जमण्याजोगे काम आहे.

कोणता गुलाब घ्यावा?

पहिली चूक इथेच होते. लांब दांड्याचे एकेक फूल देणारे गुलाब, म्हणजे ग्लॅडिएटरसारख्या जाती, उंच वाढतात आणि त्यांची निगाही जास्त. हरितगृहातला फुलदांड्याचा गुलाब तर छपराखालीच शोभतो. लहान जागेला फ्लोरिबंडा वर्गातला गुलाब घ्यावा. तो कमरेएवढा राहतो आणि झुपक्याने फुलतो. पांढरा 'आइसबर्ग' आणि 'समर स्नो' रोपवाटिकांत मिळतात. त्याहून लहान हवा असेल तर बटन गुलाब घ्या, तो वीतभर-हातभर वाढतो.

आणि आजीच्या परसातला गावठी गुलाब विसरू नका. फिकट गुलाबी, पाकळ्यांनी गच्च, वासाचा. त्याच्याच नात्यागोत्यातला 'एडवर्ड' गुलाब दक्षिणेत हारासाठी आणि कलमाच्या खुंटासाठी लावतात. त्याचे मूळ हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचे. कलम न करताही गावठी गुलाबाची काडी लागते, हा मोठा फायदा. शेजारणीकडून पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी मागून आणा, एक पैसाही पडत नाही.

इंग्लंडात डेव्हिड ऑस्टिन यांनी १९६१ पासून जुन्या घाटाची, वाटीसारखी भरलेली फुले देणारे गुलाब बाजारात आणले. चित्रांत ते फार देखणे दिसतात. पण इतक्या दाट पाकळ्यांची कळी दमट हवेत चिकटते आणि न उमलताच कुजते. चित्र पाहून पैसे घालवू नका. आपल्याच देशात डॉ. बी. पी. पाल यांनी 'मोहिनी', 'बंजारन', 'हिमांगिनी' असे गुलाब तयार केले. हे पाल म्हणजे तांबेऱ्याला दाद न देणारा गहू काढणारे शास्त्रज्ञ. रोग आल्यावर फवारत बसण्यापेक्षा टिकणारा वाण लावावा, हे धोरण गव्हाला तसेच गुलाबाला.

जागा आणि लागवड

घराची शोभा म्हणून आपण गुलाब लावतो ओट्याच्या कडेला, म्हणजे नेमका पागोळीखाली! चार महिने त्याच्या डोक्यावर छपराची धार पडते. तिथे कुठलाही गुलाब जगणार नाही. पागोळीपासून दोन हात लांब, सकाळचे पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा पाहा. सकाळच्या उन्हाने पानावरचे दव लवकर सुकते आणि रोगाला थारा राहत नाही.

दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या. तळाला विटांचे तुकडे टाका. वर माती, चांगले कुजलेले शेणखत, थोडी जाड रेती आणि दोन मुठी निंबोळी पेंड यांचे मिश्रण भरा. मात्र खड्डा जमिनीबरोबर भरून थांबू नका. वर नऊ इंच ते फूटभर उंचवटा करा आणि रोप उंचवट्यावर लावा. वांगी-मिरचीला आपण सरी-वरंबा करतोच, तोच न्याय इथे. भारी, चिकण जमिनीत नुसता खड्डा केला तर ती पावसाळ्यात विहीर होते. पाणी निघून जाण्यासाठी बाजूने चर हवाच.

बाजारच्या पुष्कळ कलमांच्या मुळाशी चिकणमातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच पुरला तर मुळे बाहेर पडत नाहीत आणि पावसात गोळा पाणी धरून ठेवतो. बादलीत थोडा वेळ भिजवून माती हलक्या हाताने सैल करा. जिथे डोळा भरला आहे तो सांधा मातीच्या दोन इंच वर ठेवा. त्या सांध्याखालून येणारा फुटवा खुंटाचा, म्हणजे जंगली. तो मुळापासून काढा, नाहीतर दोन वर्षांत खुंटच राहतो आणि गुलाब जातो. लागवडीची वेळ दसरा-दिवाळीची. दोन झाडांत दोन फूट अंतर ठेवा, बटन गुलाबाला एक फूट पुरे.

पावसाळ्याचे चार महिने

पाऊस सुरू होण्याआधी उंचवटा नीट करा, चर मोकळे करा. कुंड्या उघड्यावर असतील तर सज्जाखाली घ्या आणि तळाची भोके बुजली नाहीत ना ते पाहा. पावसात युरिया देऊ नका. कोवळी पालवी येते आणि तिच्यावरच रोग पडतो.

पानांवर काळे गोल ठिपके पडून पान पिवळे झाले की समजा, काळा ठिपका आला. गळलेली पाने वेचून जाळा, झाडाखाली कुजू देऊ नका. उघडीप मिळाली की एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा: १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, १० लिटर पाणी. भांडे प्लॅस्टिकचे घ्या, लोखंडी नको. मिश्रणात विळ्याचे पाते बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर आणखी चुना घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. मात्र ज्या फुलांचा गुलकंद करायचा, त्यांवर कसलेही औषध मारू नका.

फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली वाळत आली तर वाट पाहू नका. हिरव्या भागापर्यंत छाटून कापावर बोर्डो पेस्ट लावा.

छाटणी

छाटणीला आपली माणसे घाबरतात. "फुटलेले झाड कापायचे?" असे विचारतात. हो, कापायचे! पाऊस पुरता थांबल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटी-शेवटी, मेलेल्या आणि एकमेकींत गुंतलेल्या फांद्या काढा. उरलेल्या निम्म्यापर्यंत आणा. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका. कातर धारदार हवी, फांदी चेचली जाता कामा नये. मग शेणखत आणि पाणी. दीड-दोन महिन्यांत झाड फुलांवर येते, म्हणजे मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या सुमारास दारात फुले. सुकलेली फुले खुडत राहिलात तर बहर लांबतो.

थंडीत पानांवर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम. उन्हाळ्यात लाल कोळी आला तर पानांच्या मागून पाण्याचा जोरदार मारा, तेवढ्यानेही पुष्कळ काम होते. कडक उन्हात गंधक मारू नका, पाने भाजतात.

पैसे मिळतील का?

खरे सांगायचे तर परसातल्या वीस-पंचवीस झाडांवर संसार चालणार नाही. कोणी तसे आमिष दाखवून महागडी कलमे गळ्यात मारत असेल तर दोनदा विचार करा. पण घरची पूजा, हळदीचे कार्यक्रम, वेणी-गजरा यांचा खर्च वाचतो. उरलेली फुले जवळच्या हारवाल्याला देता येतात. बचत गटातल्या बायकांनी गावठी गुलाबाच्या काड्या लावून रोपे केली, तर फुलापेक्षा रोप विकणे सोपे. फूल दुसऱ्या दिवशी शिळे होते, रोप होत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनाही एक विनंती. शाळेच्या किंवा पंचायतीच्या आवारात गुलाब लावायचा तर मुलांच्या वाटेपासून दूर लावा, काटे डोळ्यांच्या उंचीवर असतात. आणि मे महिन्याच्या सुट्टीत पाणी कोण घालणार, पावसाळ्यात चर कोण काढणार, त्याचे नाव आधी ठरवा. फोटो निघतो लावणीच्या दिवशी, झाड जगते ते नंतरच्या हाताने.

यंदा दसऱ्याला रोप घ्याल तेव्हा फूल पाहू नका, मूळ पाहा. आणि घरी आल्यावर आधी पागोळी कुठे पडते ते बघा.