हृदयशस्त्रक्रियेनंतरचे श्वसनाचे व्यायाम

हृदयावरील शस्त्रक्रिया ही आता शहरातील सधनांपुरती मर्यादित राहिलेली नाही. २०१२ साली सुरू झालेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जन आरोग्य योजनेमुळे खेड्यापाड्यांतील रुग्णांनाही तिचा लाभ मिळू लागला आहे. मात्र शस्त्रक्रिया पार पडली म्हणजे उपचार संपले, असे नव्हे. गावी परतलेल्या रुग्णाला "हलू नका, पडून राहा" असे आप्तेष्ट मायेपोटी सांगतात. हाच सल्ला पुष्कळदा अपायकारक ठरतो.

बायपास शस्त्रक्रियेत बहुधा छातीच्या मधले हाड उभे कापून पुढे तारेने सांधले जाते. जखम दुखते म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो आणि खोकला दाबून धरतो. परिणामी फुप्फुसांच्या तळाशी असलेले वायुकोश मिटतात, तेथे कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका उद्भवतो. हे टाळणे हाच श्वसनाच्या व्यायामाचा हेतू होय.

व्यायाम साधा आहे. रुग्णाने टेकून ताठ बसावे व एक हात पोटावर ठेवावा. नाकाने सावकाश, पोट वर येईल असा खोल श्वास घ्यावा. तो दोन-तीन सेकंद राखून तोंडाने हळूहळू सोडावा. जागेपणी दर तासाला असे पाच ते दहा श्वास घ्यावेत. चक्कर आल्यास थांबावे. रुग्णालयातून मिळणारे तीन गोळ्यांचे यंत्रही याच कामाचे; मात्र त्यात फुंकावयाचे नसून नळीतून हवा आत ओढावयाची असते, हे अनेकांच्या ध्यानी येत नाही. त्यानंतर छातीशी उशी घट्ट धरून खोकावे. त्यामुळे हाडाला आधार मिळतो, वेदना कमी होते आणि कफ सुटतो.

काही पथ्येही पाळावयास हवीत. कपालभाती, भस्त्रिका किंवा दीर्घ कुंभक डॉक्टरांच्या संमतीवाचून करू नये. त्यांचा ताण छातीवर व रक्तदाबावर पडतो. हाड सांधण्यास साधारणतः दोन ते तीन महिने लागतात. तोवर पाण्याची घागर वा धान्याचे पोते उचलणे वर्ज्य समजावे. धूम्रपान व तंबाखू कायमची सोडावी. ताप, वाढती धाप, जखमेतून स्राव किंवा छातीचे हाड हलल्याचा भास, यांपैकी काहीही जाणवल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

या व्यायामाला खर्च नाही. हवे ते सातत्य आणि घरच्यांचे सहकार्य. गावातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व आरोग्यसेविका यांनी अशा रुग्णाच्या घरी जाऊन चार शब्द समजावून सांगितले, तर शस्त्रक्रियेने लाभलेले नवे आयुष्य निर्धोक होण्यास मोठाच हातभार लागेल.