हिशेबाच्या प्रती आणि त्यांनी व्यापलेली खरी जागा

आपल्या पांढुर्णा व सौंसर भागातील अनेक पेढ्यांवर आता रोजमेळ व खतावणी संगणकावर लिहिली जाते आणि रात्री दुकान वाढविताना तिची एक प्रत निराळ्या डिस्कवर ठेवली जाते. डिस्क भरत आली म्हणजे जुन्या प्रती काढून टाकण्याचा हुकूम सुटतो. वस्तू व सेवा कर कायद्याच्या ३६ व्या कलमान्वये हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. सबब कोणती प्रत काढली असता किती जागा सुटेल, हे आधीच कळणे अगत्याचे आहे. ज्या प्रणालीत ‘डीडुप्लिकेशन’ची सोय असते, तीत मात्र हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही.

अशी प्रणाली फाइलीचे लहान लहान तुकडे पाडते व प्रत्येक तुकड्याचा गणिती ठसा काढते. तोच ठसा पूर्वी नोंदलेला असल्यास तुकडा पुन्हा साठविला जात नाही. केवळ त्याचा हवाला लिहिला जातो. अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये तयार झालेली व २००२ साली जगापुढे आलेली ‘व्हेंटी’ ही प्रणाली १६० बिटांच्या ठशावर याच रीतीने चाले. २००८ साली पुण्यात स्थापन झालेली ‘ड्रुवा’ ही कंपनीही याच विद्येवर उभी राहिली.

तुकडे कोठे पाडावयाचे, यातही कसब आहे. २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. समजा, एखाद्या पेढीने ग्राहकांच्या यादीच्या आरंभीच असलेला जिल्हा बदलला. दोन्ही नावे सारख्या लांबीची नाहीत. त्यामुळे पुढील सर्व मजकूर किंचित सरकतो. ठराविक लांबीचे तुकडे पाडणाऱ्या प्रणालीस मग पुढील प्रत्येक तुकडा नवाच वाटतो. मजकूर पाहून सीमा ठरविणारी प्रणाली मात्र त्या जागेच्या आसपासचे एकदोन तुकडेच नवे मानते. यादी आधीच झिप करून ठेवली असेल, तर बहुधा हा लाभ मिळत नाही, कारण एका अक्षराच्या बदलाने पुढील सारा ऐवज पालटतो.

आता हिशेब पाहू. पहिल्या रात्री वह्या १० गिगाबाइटच्या आहेत. पुढे रोज ०.१ गिगाबाइटची भर पडते आणि जुने काही बदलत नाही, असे धरू. तीस रात्रींच्या तीस प्रती झाल्या. प्रत्येक प्रतीचा आकार मांडून बेरीज केली तर ३४३.५ गिगाबाइट येतात. डिस्कवर प्रत्यक्षात १२.९ च आहेत. म्हणून कोणी ‘केवळ या प्रतीचेच तुकडे किती’ असे विचारून तीसही उत्तरांची बेरीज केली, तर ती अवघी ०.१ भरते! कारण शेवटच्या रात्रीची भर वगळता प्रत्येक तुकडा एकाहून अधिक प्रतींत सामाईक आहे. पहिल्या एकोणतीस प्रती काढून टाकल्या, तरी सुटणारी जागा शून्य. जुन्या दिवसांच्या प्रती गेल्या त्या गेल्याच, आणि पदरात काहीच पडले नाही.

म्हणूनच एका प्रतीची ‘खरी’ जागा सांगणारा आकडा असतच नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन घरांमधील सामाईक भिंत एका घराच्या मापात धरली तर ते फुगते, आणि सोडली तर भिंत कोणाचीच राहत नाही. ‘बोर्ग’ ही प्रणाली एका प्रतीपुढे मूळ आकार व डीडुप्लिकेशननंतरचा आकार दाखविते. हा दुसरा आकडा त्या प्रतीच्या एकट्या तुकड्यांचा असतो, हे विसरू नये. ‘रेस्टिक’ एरवी प्रत परत उतरविली असता किती जागा लागेल ते सांगते. साठ्याचा ऐवज हवा असल्यास ‘रॉ-डेटा’ ही रीत निवडावी लागते. सर्वांत भरवशाचे माप म्हणजे साठ्याच्या संपूर्ण फोल्डरने डिस्कवर व्यापलेली जागा. नोंदीसाठी लागणारी थोडी जागाही त्यात आपोआप येते.

प्रत काढल्यावरही जागा लगेच सुटत नाही. बोर्गच्या १.२ या आवृत्तीपासून ‘कॉम्पॅक्ट’ ही आज्ञा निराळी द्यावी लागते. रेस्टिकमध्ये त्यासाठी ‘प्रून’ आहे. ही आज्ञा न देताच नवी डिस्क विकत आणणे म्हणजे गोदामातील रिकामी पोती न उचलता दुसरे गोदाम भाड्याने घेणे होय.

एक गोष्ट विशेष जपावी. तीस प्रतींत सामाईक असलेला तुकडा डिस्कवर एकदाच असतो. तो बिघडला तर तीसही प्रतींतील ती नोंद बिघडते. वाचलेल्या जागेच्या पैशातून दुसरी डिस्क घेऊन ती दुसऱ्या गावी ठेवावी.

राहता राहिला भावाभावांतील खर्चाचा प्रश्न. एक दुकान पांढुर्ण्यास व दुसरे सौंसरला असून साठा एकच असेल, तर मालाची व ग्राहकांची यादी दोघांची सामाईक असते. तिचा भार कोणी सोसावा हे यंत्र सांगू शकत नाही. प्रत्येक दुकानाच्या ताज्या प्रतीचा मूळ आकार घेऊन त्या प्रमाणात डिस्कचा खर्च वाटावा आणि ही रीत दोघांच्या संमतीने आधीच कागदावर लिहून ठेवावी, असे आम्ही सुचवितो.