जुना कीबोर्ड, पुठ्ठा आणि फॉइल: घरच्या घरी गेम कंट्रोलर कसा बनवायचा?

माझा मावसभाऊ ११ वर्षांचा आहे. त्याच्या उजव्या हाताची बोटं लहानपणापासून नीट वळत नाहीत. मोबाइलवरच्या रेसिंग गेमला दोन्ही अंगठे लागतात, त्यामुळे सगळी भावंडं जमली की हा शेजारी बसून फक्त बघणार. मागच्या दिवाळीत तो मला म्हणाला, "दादा, मला एक मोठ्ठं बटण करून दे ना, कोपराने दाबता येईल असं."

मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो. सोल्डरिंग गन कॉलेजनंतर हातात धरली नव्हती. तरी दोन संध्याकाळींत काम झालं आणि सामान जवळजवळ सगळं घरातल्या अडगळीतलंच होतं. कसं केलं ते सांगतो, पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा.

बटण म्हणजे काय? दोन धातूचे तुकडे एकमेकांना टेकले की बटण दाबलं, सुटले की सोडलं. बस. महागड्या कंट्रोलरच्या आतही बटणाचं काम एवढंच असतं. अवघड भाग पुढचा, म्हणजे 'हे टेकलं' ही बातमी कॉम्प्युटरला त्याच्या भाषेत कळवणं. आणि हे काम करणारं तयार सर्किट आपण दर वर्षी कचऱ्यात टाकतो.

आधी फक्त फोनवर

काही उघडण्याआधी पाच मिनिटांचा प्रयोग करून बघा. फोनची स्क्रीन दाब ओळखत नाही. तुमचं शरीर वीज वाहून नेतं, त्यामुळे बोट जवळ आलं की काचेखालच्या विद्युत क्षेत्रात बदल होतो, तो ती मोजते. म्हणून बोट प्रत्यक्ष स्क्रीनवर असायलाच हवं असं नाही. भाजी-पोळी गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा नखापेक्षा थोडा मोठा तुकडा स्क्रीनवरच्या बटणाच्या जागी चिकटपट्टीने लावा. फॉइल थेट काचेला टेकली पाहिजे. त्याला वीतभर वायर जोडा आणि वायरचं दुसरं टोक पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या फॉइलला. आता त्या पुठ्ठ्यावरच्या फॉइलला हात लावलात की फोनला वाटतं स्क्रीनलाच हात लावला.

दोन अडचणी येतात. वायर लांब झाली की स्पर्श कधी लागतो, कधी नाही. फोन चार्जिंगला असेल तर बटणं आपोआप दाबली जाऊ शकतात. भावाला मोठं आणि भरवशाचं बटण हवं होतं, म्हणून मी हा मार्ग सोडला.

कीबोर्डच्या पोटात

माझ्याकडे चहा सांडून मेलेला एक यूएसबी कीबोर्ड होता. असे कीबोर्ड मरतात ते बहुतेक आतल्या प्लॅस्टिकच्या शीटमुळे. सर्किट जिवंत असतं. तपासायचं कसं? कीबोर्ड कॉम्प्युटरला लावा आणि नम लॉकचा दिवा लागतो का बघा. लागला तर अर्धं काम झालं.

कीबोर्ड काढून ठेवा आणि स्क्रू खोला. पारदर्शक प्लॅस्टिकच्या तीन शीट दिसतील. वरच्या आणि खालच्या शीटवर वीजवाहक रेघा छापलेल्या असतात, मधल्या शीटला प्रत्येक कीच्या जागी भोक असतं. की दाबली की त्या भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. या रेघा कोपऱ्यातल्या एका छोट्या सर्किट बोर्डवर येऊन संपतात. आपल्याला हवाय तो हाच बोर्ड आणि त्याची यूएसबी वायर.

आता गंमत बघा. कीबोर्डवर १०४ की असतात, पण बोर्डावर १०४ जोड्या नसतात. आडव्या-उभ्या रेघांची जाळी केलेली असते. समजा एका गटात ८ आणि दुसऱ्यात १८ टोकं आहेत, तर २६ टोकांत १४४ छेदबिंदू मिळतात. म्हणजे एका गटातलं एक टोक दुसऱ्या गटातल्या एका टोकाला टेकवलं की एक की दाबली गेली.

कोणत्या जोडीला कोणती की, हे शोधायला नोटपॅड उघडा, बोर्ड लावा आणि वायरच्या तुकड्याने एकेक जोडी टेकवत जा. जे अक्षर उमटेल ते वहीत लिहा. काही जोड्यांना काहीच होणार नाही. एका जोडीला माझा लॅपटॉप सरळ झोपी गेला, ती स्लीपची की निघाली.

इथे एक युक्ती नक्की वापरा. सगळ्या बटणांचं एक टोक एकाच समाईक पिनला जोडा आणि दुसरी टोकं समोरच्या गटातल्या वेगवेगळ्या पिनांना. तीन बटणांना चारच वायर लागतात. शिवाय भुताची कीही टळते. जाळीत चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरच्या की एकदम दाबल्या तर करंट आडवाटेने फिरतो आणि चौथ्या कोपऱ्यावरची न दाबलेली कीसुद्धा दाबल्यासारखी दिसते. एकाच ओळीतल्या की वापरल्या तर चौकोनच तयार होत नाही.

बोर्डावरची काळी टोकं कार्बनची असतात, त्यांना सोल्डर धरत नाही. पॉलिश पेपरने घासून खालचं तांबं उघडं करा. सोल्डरिंग जमत नसेल तर गल्लीतल्या मोबाइल रिपेअरवाल्याकडे जा, चार वायरी तो काही मिनिटांत लावून देतो.

पुठ्ठ्याचं बटण

पार्सलच्या खोक्याचे तळहातापेक्षा मोठे दोन तुकडे घ्या आणि दोन्हींना फॉइल लावा. मध्ये कडेने स्पंजच्या पट्ट्या ठेवा, म्हणजे फॉइल समोरासमोर येईल पण दाबल्याशिवाय टेकणार नाही. कीबोर्डमधली तीन शीटांची रचनाच ही, फक्त मोठी. वेफर्सच्या पाकिटाचा चमकदार कागद घेऊ नका. ते प्लॅस्टिकवरचं धातूचं पातळ पुट असतं आणि त्यावर बहुधा आणखी थर असतो.

माझं पहिलं बटण चाललंच नाही. वायर मी फॉइलला गोंदाने चिकटवली होती आणि गोंदाचाच थर मध्ये आला. ॲल्युमिनियमला साधं सोल्डरही धरत नाही. शेवटी वायरची सोललेली टोकं पंख्यासारखी पसरवली, वर फॉइलची घडी घातली आणि स्टेपल मारलं. दुसरं बटण चाललं, पण जाड स्पंज दाबायला जितका जोर लागत होता तितका भावाच्या कोपरात नव्हता. स्पंज काढून पुठ्ठ्याच्या दोन पातळ पट्ट्या ठेवल्या, तेव्हा बटण हलकं झालं. हे मापून ठरत नाही. खेळणाऱ्यालाच समोर बसवा.

वायर मी बंद पडलेल्या इअरफोनची वापरली. तिच्या बारीक तारांवर वार्निशचा थर असतो, तो खरवडल्याशिवाय वीज जात नाही. तसाच ३.५ मिमीचा जॅक पुढेही कामाला येईल. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने हात नीट न चालणाऱ्या खेळाडूंसाठी एक्सबॉक्स ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर आणला. त्याच्या मागे याच मापाच्या जॅकची रांग आहे आणि बाहेरचं बटण म्हणून तो फक्त दोन टोकं टेकायची वाट बघतो. पुठ्ठ्याचं बटणही त्याला चालतं.

सावधगिरी एवढीच: यूएसबीतून ५ व्होल्ट येतात, त्याने शॉक बसत नाही, पण चुकीची टोकं शॉर्ट झाली तर पोर्ट बिघडू शकतो. जुना कॉम्प्युटर वापरा आणि यूएसबीच्या चार वायरी जिथे जोडल्यात तिथे हात लावू नका. जुने चार्जर, पिक्चर ट्यूबचे टीव्ही आणि फुगलेल्या बॅटऱ्या उघडायच्या नाहीत.

हाच बोर्ड ओटीजी ॲडॅप्टरने बहुतेक अँड्रॉइड फोनला कीबोर्ड म्हणून लागतो. पण पुष्कळ मोबाइल गेम कीबोर्ड ओळखतच नाहीत, म्हणून आम्ही लॅपटॉपवर सुपरटक्सकार्ट घेतला. तो फुकट आहे, एकाच स्क्रीनवर दोघांना खेळता येतो आणि प्रत्येकाला हव्या त्या की ठरवता येतात. भावाची डावी-उजवी वळणं डाव्या हाताखालच्या दोन छोट्या बटणांवर आणि अ‍ॅक्सिलरेटर उजव्या कोपराखाली.

पहिल्या शर्यतीत तो शेवटचा आला. चौथ्या शर्यतीत त्याने मला मागे टाकलं आणि लगेच पुढची ऑर्डर दिली: "दादा, आता ब्रेकसाठी एक पायाखाली कर."