पक्ष नको म्हणणारांचे पक्ष

इ. स. १७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें जमलेल्या मंडळींनीं अमेरिकेची जी राज्यघटना सिद्ध केली, तींत अध्यक्ष कसा निवडावा, कर कोणीं बसवावे, युद्ध कोणीं पुकारावें, या सर्वांचा खल केलेला आहे. परंतु राजकीय पक्षांचा उल्लेखहि तींत आढळत नाहीं. ही नजरचूक नव्हे. पक्ष म्हणजे राज्याला लागलेली कीड, अशीच त्या पिढींतील बहुतेकांची समजूत होती. मौज अशी कीं, ही समजूत बाळगणारांच्याच हातून पुढील बारा-तेरा वर्षांत दोन पक्ष उभे राहिले आणि त्यांच्या झुंजींत घटनेचें गाडें एकदां रुतून बसलें. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्यें एकमतानें पहिला अध्यक्ष झाला. त्यानें अर्थखातें अलेक्झांडर हॅमिल्टनकडे व परराष्ट्रखातें थॉमस जेफर्सनकडे दिलें. एका म्यानांत दोन तलवारी घातल्या म्हणावयाचें! हॅमिल्टन हा वेस्ट इंडीज बेटांत जन्मलेला, पोरवयांत पोरका झालेला, पेढीवर कारकुनी करून वर आलेला आणि युद्धांत वॉशिंग्टनच्या हाताखालीं वावरलेला. जेफर्सन व्हर्जिनियांतील मोठा जमीनदार. सर्व माणसें समान आहेत असें उद्घोषित करणारा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्याच्याच लेखणींतून उतरला, आणि शेंकडों गुलामहि त्याच्याच मालकीचे होते. या विसंगतीकडे पुढें पुन्हा वळावें लागेल.

भांडणाचें मूळ, पुष्कळ भांडणांचें असतें तसें, कर्जांत होतें. स्वातंत्र्ययुद्धांत अनेक सैनिकांना पगाराच्या जागीं सरकारी रोखे मिळाले होते. गरजेपोटीं त्यांनीं ते येईल त्या किंमतीला सटोडियांना विकून टाकले. हॅमिल्टननें योजना मांडली कीं, रोखा आज ज्याच्या हातीं असेल त्याला त्याची दर्शनी किंमत पुरी द्यावयाची. शिवाय घटक राज्यांच्या डोक्यावरील सुमारें अडीच कोटि डॉलरचें युद्धकर्जहि मध्यवर्ती सरकारनें पत्करावयाचें. राष्ट्राची पत यानेंच बसेल, हें त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. पण ज्या सैनिकानें रक्त सांडलें त्याच्या हातीं कवडी पडणार नाहीं आणि सावकार मात्र गबर होईल, हा जेम्स मॅडिसनचा आक्षेपहि खोटा नव्हता. त्यांतून व्हर्जिनियानें आपलें बरेंचसें कर्ज फेडून टाकलेलें. दुसऱ्यांच्या कर्जाचा भार आम्हीं कां उचलावा, असें तेथील लोकांना वाटणें स्वाभाविक होतें. अखेर १७९० च्या जून महिन्यांत जेफर्सनच्या घरीं जेवणाच्या टेबलाशीं तडजोड झाली: दक्षिणेकडील कांहीं मतें कर्जाच्या योजनेला मिळावीं, आणि कायमची राजधानी दक्षिणेकडे, पोटोमॅक नदीच्या कांठीं व्हावी. वॉशिंग्टन शहराचा जन्म असा सौद्यांतून झाला. हॅमिल्टननें आपल्याला यांत फसविलें, अशी तक्रार जेफर्सननें पुढें करून ठेविली आहे.

पुढल्याच वर्षीं एक कोटि डॉलर भांडवलाची राष्ट्रीय बँक निघाली. घटनेंत बँकेचें नांव नाहीं. जें दिलेलें नाहीं तें सरकारजवळ नाहींच, असें जेफर्सनचें मत. काम नेमून दिलें म्हणजे त्याचीं साधनें त्याबरोबर आलींच, असें हॅमिल्टनचें. हा वकिली कीस वाटेल. परंतु अमेरिकेचा राजकीय इतिहास पुष्कळसा याच कीसावर चालला आहे. वॉशिंग्टननें हॅमिल्टनचें ऐकून सही केली.

तेव्हांपासून चुरस उघडी झाली. जेफर्सननें फिलिप फ्रेनो नांवाच्या कवीला आपल्या खात्यांत वर्षाला २५० डॉलरवर भाषांतरकार नेमलें, आणि हा गृहस्थ वर्तमानपत्र काढून त्याच सरकारवर तोंडसुख घेऊं लागला. हॅमिल्टनहि टोपणनांवांनीं जेफर्सनवर लेख लिहूं लागला. वॉशिंग्टननें दोघांनाहि पत्रें लिहून विनविलें, पण व्यर्थ. त्यांत फ्रान्समधील क्रांति व इंग्लंड-फ्रान्सचें युद्ध यांनीं तेल ओतलें. हॅमिल्टनच्या बाजूचे फेडरलिस्ट इंग्लंडशीं सलोखा राखावा म्हणत, जेफर्सनच्या बाजूचे रिपब्लिकन फ्रान्सकडे झुकत. (१८५४ मध्यें स्थापन झालेला रिपब्लिकन पक्ष निराळा.) १७९६ मध्यें निरोप घेतांना वॉशिंग्टननें पक्षबुद्धीविषयीं कळकळीचा इशारा दिला, त्याच साली पहिली चुरशीची निवडणूक झाली. जॉन ॲडम्सला ७१ व जेफर्सनला ६८ मतें पडलीं. पहिला तो अध्यक्ष व दुसरा तो उपाध्यक्ष, असा नियम असल्यानें एका पक्षाचा अध्यक्ष आणि त्याच्या शेजारीं विरोधी पक्षाचा उपाध्यक्ष, असा संसार चार वर्षें चालला.

१७९८ मध्यें फेडरलिस्टांनीं राजद्रोहाचा कायदा केला. सरकार, अध्यक्ष किंवा काँग्रेस यांविरुद्ध द्वेषबुद्धीनें खोटें लिहिणारास दोन हजार डॉलरपर्यंत दंड व दोन वर्षांपर्यंत कैद. या संरक्षणांतून उपाध्यक्षाला मात्र वगळलें होतें. म्हणजे जेफर्सनला खुशाल शिव्या द्याव्या! व्हर्माँटचा प्रतिनिधि मॅथ्यू लायन या कायद्याखालीं चार महिने तुरुंगांत गेला, आणि तुरुंगांत असतांनाच मतदारांनीं त्याला पुन्हा निवडून दिलें. दडपशाहीला याहून खणखणीत उत्तर कोणतें द्यावयाचें?

आतां १८०० ची निवडणूक. निर्वाचकांनीं प्रत्येकीं दोन मतें द्यावयाचीं, पण अध्यक्षाचें कोणतें व उपाध्यक्षाचें कोणतें हें लिहावयाचें नाहीं, अशी घटनेची रीत. फेडरलिस्टांनीं सावधपणें एक मत दुसरीकडे टाकलें. रिपब्लिकनांनीं इतकी शिस्त पाळली कीं त्यांचे दोन्ही उमेदवार, जेफर्सन आणि न्यूयॉर्कचा ॲरन बर, ७३-७३ वर बरोबरींत आले. बर हा उपाध्यक्षपदासाठीं उभा होता हें सर्वांस ठाऊक. पण "मी बाजूला होतों" हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहींत. निर्णय मावळत्या प्रतिनिधिगृहाकडे गेला, आणि तेथें फेडरलिस्टांचें बळ मोठें. सोळा राज्यांना प्रत्येकीं एक मत, जिंकावयास नऊ हवीं.

११ फेब्रुवारी १८०१ रोजीं अर्धवट बांधलेल्या नव्या राजधानींत मतदान सुरू झालें. जेफर्सनला आठ राज्यें, बरला सहा, आणि व्हर्माँट व मेरीलँड हीं दुभंगलेलीं. मेरीलँडचा जोसेफ निकल्सन तापानें फणफणलेला. तो नसता तर तें राज्य बरकडे गेलें असतें, म्हणून त्याला बर्फांतून वाहून आणून शेजारच्या खोलींत निजविलें. पस्तीस वेळां मतें पडलीं आणि पस्तीसहि वेळां तोच आंकडा. राज्यांचें सैन्य चालून येणार, अशी भाषा बाहेर ऐकूं येऊं लागली. या घोटाळ्यांत जेफर्सनसाठीं रदबदली कोणीं करावी? हॅमिल्टननें! त्यानें आपल्या पक्षाच्या लोकांना पत्रांमागून पत्रें लिहिलीं: जेफर्सनचीं मतें चुकीचीं असतील, पण त्याला कांहीं तत्त्व तरी आहे, बरला स्वतःपलीकडे कांहींच नाहीं. द्वेषाला सीमा असावी म्हणजे काय, हें मला या पत्रांत दिसतें. अखेर डेलावेअरचा एकमेव प्रतिनिधि जेम्स बायर्ड यानें पेंच सोडविला. १७ तारखेस छत्तिसाव्या फेरींत त्यानें कोरें मत दिलें, व्हर्माँट-मेरीलँडमधील फेडरलिस्टहि बाजूस सरले, आणि जेफर्सनला दहा राज्यें मिळालीं. आपल्याला जेफर्सनकडून मध्यस्थामार्फत आश्वासनें मिळालीं, असें बायर्डनें पुढें सांगितलें; जेफर्सननें तें नाकारलें.

या विजयाला लोकसत्तेचा विजय म्हणण्याची चाल आहे. घटनेप्रमाणें प्रतिनिधींची संख्या ठरवितांना पांच गुलाम म्हणजे तीन माणसें धरीत. ज्यांना मत नव्हतें त्यांच्या डोक्यांवर दक्षिणेला जादा निर्वाचक मिळत. ते वजा केले असते तर ॲडम्सच पुन्हा निवडून येता, असा अनेक इतिहासकारांचा हिशेब आहे. मागें म्हटलेली विसंगति ती हीच.

४ मार्च रोजीं पहाटेंच ॲडम्स राजधानी सोडून गेला. शपथविधीस तो थांबला नाहीं. पण तो गेला, शस्त्र कोणींहि उचललें नाहीं, आणि फेडरलिस्ट सरन्यायाधीश जॉन मार्शलनें जेफर्सनला शपथ दिली. राजद्रोहाच्या कायद्याची मुदत आदल्याच दिवशीं संपली होती. त्याखालीं शिक्षा झालेल्यांना जेफर्सननें माफी दिली. १८०४ मध्यें बाराव्या दुरुस्तीनें दोन पदांचीं मतें वेगळीं केलीं. त्याच वर्षीं ११ जुलैला न्यू जर्सींतील वीहॉकन येथें द्वंद्वयुद्धांत बरच्या गोळीनें हॅमिल्टन पडला व दुसऱ्या दिवशीं वारला. बर तेव्हांहि उपाध्यक्ष होता, आणि खुनाचा आरोप डोक्यावर असतांनाच सिनेटमध्यें अध्यक्षस्थानीं जाऊन बसला.

राहतां राहिली ती बँक. जेफर्सननें आपल्या आठ वर्षांत तिला हात लावला नाहीं. १८११ मध्यें तिची सनद संपली आणि मुदतवाढ थोडक्यांत हुकली. पांच वर्षांनीं दुसऱ्या राष्ट्रीय बँकेच्या सनदेवर सही झाली ती मॅडिसनची, ज्यानें पहिलीला कडाडून विरोध केला होता. त्याच वर्षीं, १८१६ मध्यें, फेडरलिस्टांनीं अध्यक्षपदासाठीं आपला शेवटचा उमेदवार उभा केला, आणि तो पडला.