जामनगरच्या विद्यापीठ-प्रांगणातून

जामनगरला सध्या काय चालले आहे, अशी पृच्छा वैद्यबांधवांकडून व औषधनिर्मात्यांकडून वारंवार होते. तिच्यामागे केवळ कुतूहल नसते. कुणाला आपल्या अपत्यास पदव्युत्तर शिक्षणासाठी पाठवावयाचे असते, कुणाला रसशाळेसाठी शिकलेला सहायक हवा असतो, तर कुणाला एखाद्या कल्पाच्या टिकाऊपणाविषयी खात्रीलायक माहिती पाहिजे असते. म्हणून त्या प्रांगणातील गेल्या काही वर्षांतील घडामोडी आणि पुढील कार्यक्रमांचे स्वरूप एकत्र देण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभीच एक घोटाळा दूर करणे आवश्यक आहे. 'जामनगरचे विद्यापीठ' असे आपण सहज म्हणतो, परंतु आता तेथे एक नव्हे, दोन स्वतंत्र संस्था आहेत. पहिली, गुजरात आयुर्वेद विद्यापीठ. १९६५च्या कायद्यान्वये स्थापन होऊन १९६७ साली कार्यान्वित झालेले हे केवळ आयुर्वेदाला वाहिलेले जगातील पहिले विद्यापीठ होय. दुसरी, संसदेने २०२० साली कायदा करून निर्माण केलेली आयुर्वेद अध्यापन व संशोधन संस्था. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'इट्रा' म्हणतात. विद्यापीठाच्या आवारातील पदव्युत्तर संस्था, श्री गुलाबकुंवरबा आयुर्वेद महाविद्यालय, आयुर्वेदीय औषधनिर्माणशास्त्राची संस्था आणि महर्षी पतंजली योग-निसर्गोपचार संस्था यांच्या एकत्रीकरणातून ती साकारली. १३ नोव्हेंबर २०२० रोजी, त्या वर्षीच्या आयुर्वेद दिनी, तिचे राष्ट्रार्पण झाले. विद्यापीठ राज्याचे राहिले, इट्रा राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाली. प्रवेशासाठी वा चौकशीसाठी पत्र पाठविणाऱ्याने हा भेद ध्यानी न घेतल्यास पत्र भलत्याच टेबलावर जाऊन पडते.

या भूमीचा वारसा जुना आहे. नवानगर संस्थानचे राजवैद्य झंडू भट्टजी यांनी १८६४ साली रंगमती नदीच्या काठी रसशाळा उभारली. त्यांचे नातू जुगतराम वैद्य यांनी पुढे १९१० साली मुंबईत जो कारखाना काढला, त्याचे नाव महाराष्ट्रातील घराघरांत पोचले. म्हणजे मुंबईच्या औषधपेठेचे एक मूळ जामनगरच्या मातीत आहे, हे आपल्या औषधनिर्मात्यांनी विसरू नये. जामसाहेब दिग्विजयसिंहजी व महाराणी गुलाबकुंवरबा यांच्या आश्रयाने पुढे जे कार्य झाले त्यात डॉ. प्राणजीवन मेहता यांचा वाटा मोठा. ते स्वतः पाश्चात्त्य वैद्यकाचे पदवीधर. तरीही गुलाबकुंवरबा आयुर्वेद सोसायटीने १९४९ साली चरकसंहितेची जी सहा खंडांची आवृत्ती इंग्रजी, हिंदी व गुजराती भाषांतरांसह प्रसिद्ध केली, तिच्यामागे त्यांचीच तळमळ होती. जुन्या वैद्यांच्या कपाटांत ती आजही आढळते. ज्यांच्याकडे असेल त्यांनी ती वाळवीपासून जपावी.

आता विद्यमान घडामोडी. राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा हा काही भिंतीवर टांगण्याचा मानपट्टा नव्हे. त्यायोगे इट्रास आपले अभ्यासक्रम स्वतः आखण्याची व परीक्षा स्वतः घेण्याची मोकळीक लाभली. या स्वातंत्र्याचा खरा उपयोग कोणता, हा प्रश्न आम्हांस महत्त्वाचा वाटतो. रुग्णालयातील अनुभव वाढवून ग्रंथाध्ययन कमी करणे सोपे आहे, तसेच प्रयोगशाळा वाढवून रुग्णाकडे पाठ फिरविणेही सोपे आहे. दोन्ही टाळून जो वैद्य घडेल तोच आपल्या पेढीवर उपयोगी.

औषधनिर्मात्यांच्या दृष्टीने विलीन झालेल्या चार घटकांपैकी औषधनिर्माणशास्त्राचा घटक सर्वांत मोलाचा. येथे आयुर्वेदीय औषधनिर्माणशास्त्रातील पदवी व पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. परवानाधारक रसशाळेत सक्षम तांत्रिक देखरेख असलीच पाहिजे, हे कायद्याचे बंधन आपणांस विदितच आहे, आणि आयुर्वेदीय औषधनिर्माणशास्त्राची पदवी त्यासाठी ग्राह्य आहे. तरीही आपल्याकडील अनेक लहान रसशाळांत ही देखरेख एखाद्या निवृत्त वैद्याच्या स्वाक्षरीपुरती उरते. तपासणीच्या दिवशी ते खुर्चीवर असतात, एरवी भट्टी कामगाराच्या अंदाजावर चालते. हे बोलणे कडू लागेल, पण कडू रस पित्तशामक असतो.

शिकलेल्या माणसाची गरज कोठे भासते, याचे एकच उदाहरण घेऊ. शार्ङ्गधराने चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनंतर क्षीण होते असे सांगितले. गुटिका व अवलेह यांना एक वर्ष दिले. आसव व धातू मात्र जुने तितके गुणवान मानले. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील '१६१-ब' हा नियम २०१६ साली सुधारला गेला. त्यात चूर्णाला दोन वर्षांची आणि आसवारिष्टांना दहा वर्षांची मुदत आहे. आसवारिष्टांबाबत ग्रंथ उदार आणि नियम सावध, तर चूर्णाबाबत ग्रंथ सावध आणि नियम बारापट उदार, अशी ही गंमत आहे.

मग खरे कोणाचे? शार्ङ्गधरासमोर हवाबंद डबी नव्हती. चूर्ण मडक्यात वा पुरचुंडीत राहात असे, आणि पावसाळी हवा त्यात शिरत असे. आज वेष्टन सुधारले हे मान्य. परंतु वेष्टन उघडल्यानंतर काय? कोकणातील श्रावणात उघडलेल्या त्रिफळा चूर्णाच्या गुठळ्या कोणत्या वैद्याने पाहिल्या नाहीत! द्रव्य जितके बारीक दळावे तितका त्याचा पृष्ठभाग वाढतो, ते ओलावा अधिक शोषते आणि सुगंधी द्रव्यांतील तेल लवकर उडून जाते. ओवा, वेलदोडा, दालचिनी ज्यात आहे ते चूर्ण आणि नुसत्या हिरड्याचे चूर्ण यांना एकच मुदत लावणे हे नियमाच्या सोयीचे असेल, द्रव्यगुणाच्या दृष्टीने पटणारे नाही.

याचा निर्णय मतांनी होणार नाही, मोजमापानेच होईल. चाळीस अंश तापमान व पंचाहत्तर टक्के आर्द्रता अशा स्थितीत औषध सहा महिने ठेवून त्यातील ओलावा, जंतुसंख्या, जलविद्राव्य व सुराविद्राव्य अंश ठरावीक अंतराने तपासणे, ही स्थैर्यपरीक्षेची रूढ त्वरित पद्धत आहे. तिच्या जोडीला नेहमीच्या हवामानातील दीर्घ निरीक्षण लागतेच. असे काम रसशास्त्र व भैषज्यकल्पनेचे विभाग करू शकतात, आणि आपल्यासारख्या संघांनी आपल्या रसशाळांतील चूर्णे, घृते व तैले तेथे परीक्षणार्थ पाठविण्याची रीतसर व्यवस्था मागावी, असे आम्ही सुचवितो. निष्कर्ष आपल्या विक्रीस अनुकूल निघेलच असे नाही. तरीही मागावी.

जामनगरच्या नावाशी आता आणखी एक संस्था जोडली गेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या जागतिक पारंपरिक वैद्यक केंद्राचा शिलान्यास १९ एप्रिल २०२२ रोजी येथे झाला. त्यासाठी भारत शासनाने पंचवीस कोटी डॉलरचे साहाय्य जाहीर केले आणि प्रारंभीचे तात्पुरते कार्यालय इट्रामध्येच राहील असे ठरले. या संघटनेची पारंपरिक वैद्यकावरील पहिली जागतिक शिखर परिषद ऑगस्ट २०२३ मध्ये गांधीनगर येथे, तर दुसरी डिसेंबर २०२५ मध्ये नवी दिल्लीत झाली.

परिषदांची छायाचित्रे आपण वृत्तपत्रांत पाहतो आणि पान उलटतो. पण एक गोष्ट सामान्य वैद्याच्या केसपेपरपर्यंत येऊन पोचली आहे, ती म्हणजे व्याधींची सांकेतिक नोंद. १० जानेवारी २०२४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याधी-वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांतील व्याधिसंज्ञांचा विभाग प्रसिद्ध झाला. तत्पूर्वी त्यात पारंपरिक वैद्यकाचा विभाग होता, पण तो चीन, जपान व कोरिया यांच्या परंपरेपुरता. आता आमवात, ग्रहणी, तमकश्वास यांसारख्या आपल्या निदानांना जागतिक नोंदीत स्वतःच्या नावाने स्थान मिळविण्याची वाट खुली झाली. विमा नियामक प्राधिकरणानेही १ एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना विमासंरक्षणात इतर उपचारांच्या बरोबरीने वागविण्याविषयी विमा कंपन्यांना निर्देश दिले आहेत. या दोन घटना एकत्र वाचाव्यात. ज्याच्या नोंदी नीट त्याचा रुग्ण दावा मांडू शकेल. 'सांधेदुखी, औषध दिले' एवढ्या ओळीवर कोणतीही कंपनी पैसे देणार नाही, आणि तिला दोष देता येणार नाही. आपल्या जिल्ह्यात व्याधिसंकेतांविषयी एखादे प्रशिक्षण वर्ग निघाले तर दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून तेथे जाणे हिताचे.

आता आगामी दिवसांविषयी. आयुर्वेद दिन २०१६ पासून धनत्रयोदशीस साजरा होत असे. तिथीनुसार तो दरवर्षी सरकत असल्याने मार्च २०२५ मध्ये केंद्र शासनाने २३ सप्टेंबर ही तारीख कायम केली. दिवस व रात्र जवळजवळ समान असण्याचा हा काळ. दोषसाम्याच्या कल्पनेशी तो जुळतो. २०२५ सालचा दहावा आयुर्वेद दिन राष्ट्रीय पातळीवर गोव्यात झाला, हे आपल्या गोमंतकीय सभासदांना अभिमानाचे. काही ज्येष्ठ वैद्यांना हा बदल रुचलेला नाही, हे आम्ही जाणतो. धन्वंतरिपूजन आणि धने-गुळाचा प्रसाद धनत्रयोदशीलाच होणार, त्याला कोणी आडकाठी केलेली नाही. व्यवहारतः मात्र नवी तारीख सोयीची वाटते. दिवाळीत महाविद्यालये बंद, विद्यार्थी गावी आणि औषधदुकानांत उटणे-तेलाची गर्दी. अशा वेळी व्याख्यान ठेवले तर श्रोते कोठून आणावयाचे? २३ सप्टेंबर कधी गणेशोत्सवात येईल, कधी पितृपक्षात, तर कधी नवरात्रात, तेव्हा सभागृह आधीच आरक्षित करावे. तो शरदाच्या उंबरठ्याचा, पित्तप्रकोपाचा काळ असल्याने विरेचनावरील शिबिर त्या दिवसांना साजेसे होईल.

जामनगरास प्रत्यक्ष जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन सूचना. मुंबईहून ओख्याला जाणारी सौराष्ट्र मेल जामनगरला थांबते. रसशाळा, वनौषधी उद्यान व ग्रंथालय पाहावयाचे असल्यास संबंधित विभागप्रमुखांची लेखी अनुमती आधी घ्यावी. सवड असेल तर रणजितसिंहजींच्या काळात १९३३ साली उभारलेले फिरते सौरचिकित्सालयही पाहावे. सूर्याच्या गतीबरोबर अख्खी इमारत वळविण्याची ही युक्ती डॉ. झां सैदमां या फ्रान्समधील वैद्याची, आणि आतपसेवनाचे महत्त्व जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना ती पाहून कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. ज्या सभासदांना इट्राकडे स्थैर्यपरीक्षणासाठी नमुने पाठविण्याच्या योजनेत भाग घ्यावयाचा आहे, त्यांनी कल्पाचे नाव, निर्मितीची तारीख, वेष्टनाचा प्रकार व परवाना क्रमांक लिहून पुढील अंकापूर्वी संघाच्या कार्यालयाकडे पाठवावे. यादी पुरेशी झाल्यास तिच्या आधारे आम्ही संस्थेशी पत्रव्यवहार सुरू करू.