संगणकाला ओलीस धरणारे चोर

लातूरची गंजगोलाई तुम्ही पाहिली असेल, निदान तिचे नाव तरी ऐकले असेल. तिथे सोळा रस्ते एका गोलाला येऊन मिळतात. समजा, कोणी तो मधला गोलच अडवला तर? एकाही रस्त्याला हात न लावता साऱ्या बाजारपेठेची वाहतूक खोळंबेल.

असाच काहीसा प्रसंग २१ मार्च २०२१ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळावर, म्हणजे आपल्या ‘एमआयडीसी’वर आला. त्याची प्रादेशिक कार्यालयेही सोळाच, हा गमतीचा योगायोग. त्यांतले एक लातूरला, एक नांदेडला. पहाटे अडीचच्या सुमारास यंत्रणा बंद पडल्याच्या सूचना आपोआप येऊ लागल्या. ‘सायनॅक’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने मुख्यालयातील आणि ‘क्लाउड’वरील सर्व्हरांतल्या फायली कुलूपबंद केल्या होत्या. सोबत चिठ्ठी होती : सोडवून हवे असेल तर आमच्याशी संपर्क साधा. चिठ्ठीत रकमेचा आकडा नव्हता, असे महामंडळाने सांगितले. वर्तमानपत्रांतून मात्र पाचशे कोटींची मागणी गाजली! सुदैवाने माहितीच्या राखीव प्रती जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या होत्या. त्यांना धक्का लागला नाही.

आता तुम्ही विचाराल, फायलीला कुलूप कसे लागते? फाईल म्हणजे शेवटी अंकांची रांग. एका गुप्त संख्येच्या साहाय्याने ती रांग अशी विस्कटतात, की ती संख्या कळल्यावाचून मूळ मजकूर परत मिळू नये. ही किल्ली सहसा २५६ बिटांची असते. म्हणजे शक्य किल्ल्या किती? २ चा २५६ वा घात. तो लिहायला ७८ अंक लागतात. एकेक किल्ली लावून पाहायची म्हटले, तर विश्वाचे आयुष्यही अपुरे पडेल.

पूर्वी चोरांना एकेक संगणक गाठावा लागे. हल्ली मोठ्या कार्यालयांत एकाच दणकट यंत्रावर दहा-वीस ‘आभासी’ संगणक नांदतात. जणू एकच वाडा आणि आत अनेक बिऱ्हाडे! प्रत्येक बिऱ्हाडाला वाटते, घर आपलेच. जागेची वाटणी करणाऱ्या कारभारी प्रोग्रॅमला ‘हायपरवायझर’ म्हणतात. गंमत अशी, की प्रत्येक आभासी संगणकाची सबंध डिस्क या कारभाऱ्याच्या दृष्टीने केवळ एक भलीमोठी फाईल असते. चोर कारभाऱ्यापर्यंत पोहोचला, की आधी सगळे आभासी संगणक बंद करतो, कारण चालू संगणकाची फाईल अडकलेली असते. मग त्या मोजक्या फायली विस्कटल्या की काम फत्ते. बिऱ्हाडांच्या आतले पहारेकरी, म्हणजे अँटिव्हायरस, काहीच करू शकत नाहीत. हल्ला त्यांच्या पायाखालून झालेला असतो.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘व्हीएमवेअर’च्या ‘ईएसएक्सआय’ या हायपरवायझरवर असाच हल्ला झाला आणि जगभरातील ३,८०० हून अधिक सर्व्हर सापडले. त्यातील भोक बुजवण्याची दुरुस्ती कंपनीने दोन वर्षे आधीच दिली होती; अनेकांनी ती बसवलीच नव्हती. पण चोरही घाईत होते. लहान फायली त्यांनी पुरत्या विस्कटल्या, अजस्र डिस्क-फायलींचा मोठा भाग मात्र तसाच राहिला. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञांनी त्या आधारे आभासी संगणक पुन्हा उभे करण्याचा प्रोग्रॅम लिहून सर्वांना फुकट दिला. काही दिवसांतच चोरांनी आपली प्रणाली बदलली, आणि मोठ्या फायलींचाही बराच भाग विस्कटू लागला.